परतीच्या वाटेवरचे मुक्काम

वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या कपाशीच्या काळ्या मुलुखात, खुनी नदीच्या काठी वसलेल्या पांढरकवड्याला राजधानीचे वैभव कधी लाभले नाही, शेजारच्या केळापूरच्या जगदंबेची यात्रा सोडली तर तीर्थक्षेत्राची वर्दळ त्याच्या वाट्याला आली नाही, आणि मुख्य लोहमार्गांनीही त्याला दुरूनच वळसा घातला. तथापि एका गोष्टीत हे गाव भाग्यवान ठरले, ती म्हणजे रस्ता. नागपुराहून हिंगणघाट, वडनेर, वडकी, करंजी करीत दक्षिणेकडे उतरणारा आणि पाटणबोरीनंतर पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मळमार्गे हैदराबादेस जाणारा जो मार्ग आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 म्हणून ओळखला जातो, तोच इंग्रजी अमदानीत गंगेकाठच्या मिर्झापुरापासून जबलपूर, नागपूर, हैदराबाद अशा टप्प्यांनी जाणारा ‘ग्रेट डेक्कन रोड’ होता. या रस्त्याच्या कडेला उभे राहून, दूरदेशी गेलेला मनुष्य घरी कसा परतत असे, वाटेत तो कोठे अडत असे, आणि अडलेल्या अवधीत त्याची निगा कोण राखीत असे, या तीन प्रश्नांचा मागोवा घेतला, तर प्रवासाच्या वेगाचा नव्हे, प्रवासातील उत्तरदायित्वाचा इतिहास हाती लागतो. आणि आजचा विमानप्रवासी परदेशातील एखाद्या विमानतळावर पुढच्या उड्डाणाची वाट पाहत ताटकळतो तेव्हा त्याचा संताप नेमका कशातून उद्भवतो, हेही या इतिहासावरून उमगते.

या वाटेवर अडलेल्यांची गणना करू लागल्यास दुसऱ्या बाजीरावाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पुणे हातचे गेल्यावर, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या साहाय्याच्या आशेने पेशव्यांचे थकलेले लष्कर या बाजूस आले असता, 1818 च्या एप्रिल महिन्यात पांढरकवड्याच्या परिसरात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने त्यास गाठले आणि त्याची दाणादाण उडविली. पुढे जून महिन्यात बाजीराव कंपनीचा सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाला, त्याची रवानगी ब्रह्मावर्तास करण्यात आली, आणि उर्वरित आयुष्याची तीनएक दशके गंगेच्या काठी कंठूनही त्याला पुण्याची वाट पुन्हा दिसली नाही. राज्ये बुडाल्याची वर्णने बखरींत विस्ताराने येतात. पण त्या लष्करात कोकणातले, देशावरचे जे हजारो शिपाई, बारगीर, कारकून आणि बाजारबुणगे होते, ते या अनोळखी रानातून आपापल्या गावी किती महिन्यांनी आणि कोणाच्या दारी भाकर मागत पोचले असतील, याचे दप्तर कोणी ठेवलेले नाही.

लष्करे येत आणि जात. परंतु या रस्त्याची खरी मालकी लमाणांच्या तांड्यांकडे होती. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैलांवरच्या मिर्झापुरास जाई व तेथून नावांनी कलकत्त्यास पोचे. आणि लादलेल्या बैलाची मजल दिवसाला फार तर आठ-दहा मैलांची असल्याने, कापूस घेऊन गेलेला तांडा मीठ वा धान्य घेऊन परतेपर्यंत ऋतू पालटलेला असे. मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीत बैलाचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत, नदी-नाले दोन्ही थड्या भरून वाहत, आणि मग वाट चार महिने बंद. तांडा असेल तेथे पडाव टाकी. आपल्या दृष्टीने हा विलंब भयंकर वाटेल. पण ज्या विलंबाची तिथी पंचांगात आधीच ठरलेली असते आणि ज्याचे कारण आकाशाकडे पाहून पोरालाही कळते, त्या विलंबाबद्दल कोणी कोणावर रागावत नाही. शिवाय तांडा अडला तरी सगळा संसार सोबतच अडलेला असे, आणि त्यामुळे लमाणाचे घर एका अर्थाने वाटेवरच असे.

एकट्यादुकट्या वाटसरूची गोष्ट निराळी होती. त्याला गाव लागे, आणि गावात सराई, देवळाची ओसरी, धर्मशाळा किंवा चावडी लागे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर आणि पुढे 1864 मध्ये, नंतर वणीच्या नावाने ओळखला गेलेला, स्वतंत्र जिल्हा झाल्यावर (1905 मध्ये त्याचेच यवतमाळ असे नामांतर झाले) हमरस्त्यांवर डाकबंगले उभे राहिले, तेथे खानसामा आला, नोंदबुक आले, आणि फिरतीवरच्या अंमलदाराची सोय लागली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्यापूर्वी तिचा खर्च कोण सोशीत असे, हेही पाहिले पाहिजे. साहेबाच्या तंबूचे ओझे पुढच्या गावापर्यंत वाहणारा, रात्रीबेरात्री मशाल धरून वाट दाखविणारा, घोड्याला गवत व चुलीला सरपण आणून देणारा गावचा महार हा बहुधा वेठीवर धरलेला असे. आणि ज्याच्या डोक्यावरून दुसऱ्याचे बिऱ्हाड सुखरूप पोचे, त्याला स्वतःला परगावी मुक्काम पडला तर धर्मशाळेच्या ओसरीवर जागा नव्हती आणि विहिरीच्या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. जुन्या काळी वाटसरूची निगा राखण्याचे कर्तव्य समाजाने मानले होते ही गोष्ट खरी. पण ते कोणासाठी मानावे आणि कोणाच्या श्रमाने पार पाडावे, याविषयी त्याचे नियम कठोर होते.

दक्षिणेकडून परतणाऱ्याला आणखी एक अडथळा होता. पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे राज्य, तेथे नाणे निराळे, म्हणजे हाली सिक्का, आणि जकातीचे खाते निराळे, ज्याला करोडगिरी म्हणत. हैदराबादेस चाकरीला असलेला मनुष्य सणासाठी घरी निघाला, की नाक्यावर त्याची वळकटी सुटे, बायकोसाठी घेतलेल्या लुगड्याची घडी उलगडली जाई, महसुलाचा हिशेब होई, आणि खिशातले हाली रुपये बट्टा देऊन कलदार करून घ्यावे लागत. विमानतळावरील सीमाशुल्काच्या खिडकीसमोर उभे राहणाऱ्या आजच्या प्रवाशाला जे नवे वाटते, ते पांढरकवड्याच्या जुन्या मंडळींना पाटणबोरीच्या पुढच्या नदीवरच परिचयाचे होते.

समुद्रापलीकडून परतणे ही अर्थातच याहून फार मोठी गोष्ट. आफ्रिकेस वळसा घालून येणारी शिडाची जहाजे चार-सहा महिने घेत; वाफेच्या बळावर हा काळ कमी करण्याच्या खटपटीत 1830 मध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्चला मुंबईहून निघाली आणि सुएझला महिन्याभराने पोचली, आणि त्या महिन्याचा मोठा हिस्सा एडन, जेद्दा आदी बंदरांत कोळसा भरण्यातच खर्ची पडला. 1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोचली, 1869 च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला, आणि अवघ्या दोन-तीन वर्षांत विलायत वऱ्हाडापासून महिन्याच्या आत आली. तरी बोटीला एडन व पोर्ट सैद येथे थांबणे भागच होते. बोटीच्या अंगाला फळ्या लागत, टोपल्या घेतलेल्या मजुरांची रांग त्यांवरून अखंड वर चढे, गवाक्षे बंद केली तरी काळी भुकटी जेवणाच्या मेजापर्यंत पोचे, आणि उतारू किनाऱ्यावर उतरून बाजार पाहत, घरी पत्रे टाकीत. बोट थांबली आहे ती तिच्या पोटात कोळसा घालण्यासाठी, हे प्रत्येकास डोळ्यांनी दिसत होते. शिवाय थांबलेली बोट हीच प्रवाशाची खानावळ आणि हाच त्याचा बिछाना असल्याने, मुक्काम वाढला म्हणून तो उघड्यावर पडत नसे.

अशा परतीच्या प्रवासाचा एक संस्मरणीय दाखला वऱ्हाडातच मिळतो. टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाल्यावर प्रिव्ही कौन्सिलापर्यंत दाद मागण्यासाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे 1908 च्या ऑगस्टात विलायतेस रवाना झाले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. 1910 च्या सप्टेंबरात ते परत निघाले ते सरळ मुंबईस न येता ब्रह्मदेशाच्या वाटेने. ऑक्टोबरात रंगूनला उतरून त्यांनी मंडालेच्या तुरुंगात टिळकांची भेट घेतली, आणि मगच स्वदेशाची वाट धरली. ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बड्या वकिलाने घराकडे येताना हजारो मैलांचा वळसा स्वखुशीने घेतला, ही गोष्ट आजच्या प्रवाशाने ध्यानात घेण्याजोगी आहे. वाटेतला थांबा प्रवाशाच्या इच्छेने निवडलेला असला, तर तोच प्रवासाचे सार्थक होतो. दुसऱ्याच्या सोयीने लादलेला असला, तर तितकाच अवधी शिक्षेसारखा भासतो.

किनाऱ्याला लागल्यावरही घर जवळ आले असे नव्हते. परदेशगमन पाप मानणाऱ्या त्या काळच्या समाजात अनेकांना उंबरठा ओलांडण्यापूर्वी प्रायश्चित्त घ्यावे लागे, आणि पंचगव्य व होमहवन उरकेपर्यंत मुलगा दारात येऊनही परकाच राही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला, पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा झाला, आणि मग स्थानकास्थानकांवर उतारूंना खाली उतरवून डॉक्टर त्यांच्या काखा-जांघा चाचपू लागले; संशय आला की विलगीकरणाच्या छावणीत रवानगी. त्यातून सुटलेला मनुष्य धामणगाव, वर्धा किंवा हिंगणघाटच्या फलाटावर उतरे, आणि तेथून पुढे दमणी किंवा रेंगी. हिंगणघाटाहून पांढरकवडा म्हणजे बैलांच्या चालीने दोन-तीन मुक्काम, मध्ये वर्धा नदी, आणि नदीला पूर असला तर डोंगा सुटेपर्यंत काठावर बसून राहणे. लंडनहून मुंबईपर्यंतचा प्रवास कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे होई. मात्र हिंगणघाटापासून घरापर्यंतचा प्रवास बैलांच्या आणि नदीच्या मर्जीवर राही. यवतमाळला मूर्तिजापुराहून अरुंद रुळांची गाडी आली, जिला लोक पुढे शकुंतला म्हणू लागले, आणि तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. परंतु यवतमाळहून पांढरकवडा पुन्हा चाळीसेक मैल दूरच.

या सगळ्या दीर्घ प्रतीक्षेत घरच्यांची अवस्था काय असे? बोट मुंबईला लागली की तार येई, आणि तारेनंतर माणूस येईपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले जात. त्यांत दोन दिवस नदीचे, एक दिवस गाडी चुकल्याचा, असा हिशेब घरातली वडीलधारी मंडळी आधीच धरून ठेवीत. परत येणाऱ्यासाठी रोज नवा स्वयंपाक रांधण्याऐवजी टिकणारे जिन्नस होत, आणि जाणाऱ्याच्या शिदोरीत दुधात भिजवलेल्या दशम्या याच विचाराने बांधल्या जात. विलंब हा अपवाद नसून प्रवासाचेच एक अंग आहे, असे गृहीत धरून संसाराची रीत बेतलेली होती.

विमानाने ही रीत मोडली, पण एकदम नव्हे. 1929 मध्ये इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली, तिला आठवडा लागे; 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर विमान उतरविले. आणि 8 जून 1948 च्या रात्री एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनकडे झेपावले. कैरोचा थांबा एडनच्या थांब्याचाच वंशज होता, कारण तोही यंत्राची तहान भागविण्यासाठी होता.

मात्र आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण प्रयोग 1949 च्या जानेवारीत नागपूरला झाला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री निघालेली चार विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत, आपापल्या टपालाच्या थैल्या व उतारू यांची अदलाबदल करीत, आणि उजाडण्यापूर्वी आपापल्या शहरी परत पोचत. दोन-तीन घटकांपुरते नागपूर हे अवघ्या हिंदुस्थानचे चव्हाट्याचे ठिकाण होई. दिव्यांच्या झगझगाटात डाकोटा विमाने ओळीने उभी, थैल्यांच्या ढकलगाड्यांची धावपळ, आणि कलकत्त्याहून मुंबईस चाललेला व्यापारी व दिल्लीहून मद्रासला निघालेला अंमलदार चहाच्या टेबलाशी एकमेकांसमोर. ही व्यवस्था दोन तपांच्या आसपास चालली. तिच्यात थांबा होता, पण त्या थांब्याभोवतीच सारी योजना रचलेली होती. एक विमान उशिरा आले तर उरलेली तिन्ही त्याच्यासाठी खोळंबत, आणि मागे राहून गेलेला प्रवासी ही जोखीम सेवेची मानली जाई. परंतु याच विमानाने रात्री एक वाजता नागपुरास उतरलेल्या पांढरकवड्याच्या माणसाला मात्र सकाळच्या मोटारीची वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

1960 मध्ये बोइंग 707 विमाने आली, त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, आणि क्रमाक्रमाने विमानांचा पल्ला इतका वाढला की इंधनासाठी थांबण्याची निकड बहुतांशी संपली. तार्किकदृष्ट्या पाहता थांबेही संपावयास हवे होते. तसे घडले नाही. उलट दुबई, दोहा, अबुधाबी येथे प्रचंड थांबे निर्माण झाले. कारण उघड आहे: एकेका शहरातून दुसऱ्या शहरास थेट विमान भरेल इतके उतारू मिळत नाहीत, म्हणून दहा दिशांचे उतारू एका ठिकाणी आणून दहा दिशांस वाटून देणे कंपनीच्या हिशेबास परवडते. नागपुराहून शारजा आणि दोहा येथे विमाने जाऊ लागली, 2008 मध्ये हैदराबादचा शमशाबाद विमानतळ सुरू झाला, आणि नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर तर शमशाबाद त्याच्या दुपटीहून अधिक, अशा दोन दारांच्या दरम्यान पांढरकवडा पुन्हा त्याच जुन्या रस्त्याच्या आधाराने उभा राहिला.

इतिहासातील खरा पालट येथे झाला. लमाणाचा पडाव बैलासाठी होता, एडनचा थांबा बोटीच्या भट्टीसाठी होता, कैरोचा विमानाच्या टाकीसाठी होता; आजचा थांबा वेळापत्रकाच्या जमाखर्चासाठी आहे. अमेरिकेतून दिवाळीला निघालेल्या मुलाचे पहिले विमान दोन तास उशिरा उतरते, पुढच्या विमानाचे दार बंद झालेले असते, खिडकीमागचा कर्मचारी त्याला उद्याच्या विमानाचा कागद देतो, आणि मग तो लोखंडी हात असलेल्या खुर्च्यांच्या रांगेत आडवे होण्याची अशक्य खटपट करीत रात्र काढतो. त्याची पेटी कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते. विमान का उशिरा आले याचे उत्तर ‘तांत्रिक कारण’ एवढेच असते. आणि नागपूरच्या धावपट्टीबाहेर भाड्याची गाडी घेऊन उभा असलेला त्याचा भाऊ दर अर्ध्या तासाने फोन करतो. घरची मंडळी आता नदीचे दोन दिवस हिशेबात धरीत नाहीत, कारण तिकिटावर मिनिटांपर्यंतची वेळ छापलेली असते. आणि जितके आश्वासन नेमके, तितका त्याचा भंग तीव्र.

धर्मशाळेची जागा कायद्याने घ्यावी, असा प्रयत्न झालेला नाही असे नव्हे. 1929 च्या वॉर्सा करारातच विलंबाने झालेल्या नुकसानीस वाहतूकदार जबाबदार, हे तत्त्व नमूद झाले. 1999 च्या माँट्रियल करारात ते कायम राहिले आणि 2009 मध्ये भारतही त्यात सामील झाला. युरोपीय संघाने 2004 मध्ये केलेल्या नियमाने अडलेल्या प्रवाशास भोजन, आवश्यक तर निवास, दोन दूरध्वनी, आणि ठरावीक परिस्थितीत 250 ते 600 युरोंची भरपाई देऊ केली. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2010 मध्ये फराळ, दीर्घ विलंबात निवास आणि उड्डाण रद्द झाल्यास परतावा यांचे नियम घालून दिले. ही प्रगती लहान नव्हे, आणि वेठबिगारीवर उभ्या असलेल्या जुन्या आतिथ्याहून ती न्याय्यही आहे, कारण येथे हक्क जात पाहून मिळत नाही. परंतु हवामान, युद्ध, आकाशमार्ग बंद होणे अशा असाधारण कारणांसाठी भरपाईतून कंपन्यांस सूट आहे. आणि ज्याला नियम ठाऊक नाही, त्याच्या पदरी बहुधा पाण्याची बाटलीच पडते.

असाधारण म्हणून बाजूस सारलेल्या या घटना इतिहासात वरचेवर परततात, हेही येथे सांगितले पाहिजे. 1990 मध्ये कुवेतमधून निसटलेल्या भारतीयांनी वाळवंट ओलांडून अम्मान गाठले आणि तेथून त्यांना आणण्यासाठी एअर इंडियाने शेकडो उड्डाणे केली. एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे तेव्हा मायदेशी परतली. 2020 च्या मार्चात करोनाच्या साथीमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणे बंद झाली, 7 मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने येऊ लागली, आणि उतरलेल्यांना विलगीकरणात ठेवण्यासाठी सरकारने जो कायदा बाहेर काढला तो प्लेगच्या काळचा, 1897 सालचाच होता. 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केल्यावर अमेरिकेच्या मार्गावरील काही भारतीय विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी पुन्हा इंधनासाठी उतरावे लागले. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी मागे पडलेला कैरोचा थांबा दुसऱ्या नावाने परत आला.

या सर्वांवरून माझा निष्कर्ष असा की, परतीचा प्रवास पूर्वीपेक्षा शतपटींनी वेगवान झाला असला तरी अडलेल्या माणसाचा वाली कोण, या प्रश्नाचे उत्तर अद्याप अर्धवटच आहे. आणि उशीर टाळण्यापेक्षा उशिरातली जबाबदारी निश्चित करणे, हेच सुधारलेल्या वाहतुकीचे लक्षण मानले पाहिजे. ती जबाबदारी विमानतळाच्या दारातच संपते असेही मानू नये. मध्यरात्री नागपुरास उतरलेल्याला पांढरकवड्याची एस.टी. मिळाली नाही, तर चौदा हजार किलोमीटर वेळेत कापून शेवटच्या दीडशेसाठी त्याला पहाट उजाडेपर्यंत बसून राहावे लागते. ही जबाबदारी निश्चित होईपर्यंत प्रवाशाने स्वतःपुरते एवढे अवश्य करावे: विमान अडले तर त्याचे कारण लेखी मागून घ्यावे, तिकिटाचे आणि बसण्याच्या परवान्याचे तुकडे फेकून देऊ नयेत, आणि पेटी उशिरा मिळाली तर ती ताब्यात आल्यापासून 21 दिवसांच्या आत लेखी तक्रार नोंदवावी, कारण करारातील मुदत तेवढीच आहे.